बुडखा उपटायची घाई कोणाला झाली?



आजची नोंद कडू आहे. ज्याला लागेल त्याला लागू द्या. सगळ्यात आधी ती मलाच लागलेली आहे.

परवा सवन्याकडून महागावला येत होतो. रस्त्याला लागून एका वावरात जेसीबी चालू होता. मला वाटलं नाला खोलीकरण असेल. गाडी थांबवून पाहिलं तर धुऱ्यावरचे बुडखे काढणं चालू. कडुनिंबाचे चार, पळसाचे दोन आणि एक चिंचेचा जुना. झाडं कधीचीच तुटलेली, खाली फक्त बुड राहिलेलं. चिंचेच्या बुडाला हातभर लांब कोवळे फुटवे आले होते, लाल-लाल पानं. बकेटचा दात खाली घातला अन् एका झटक्यात उलटं केलं. मालक बाजूला उभे राहून मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. मला पाहून म्हणाले, "दादा, वावर साफ करून टाकलं एकदाचं. धुरा कसा सरळ दिसते पाहा."

मी काहीच बोललो नाही. काय बोलणार? 2022 च्या उन्हाळ्यात मी हेच केलं होतं.

माझं नाल्याकाठचं चार एकर वावर आहे. नाल्याकडच्या धुऱ्यावर बाबांच्या हातचे पाच कडुनिंब होते आणि एक मोह. मोह वादळात अर्ध्यातून मोडला. कडुनिंब मी विकले. लपवत नाही. वीटभट्टीला माल देणारा एक जण आला, म्हणाला, "काका, सावलीनं तुमच्या चार ओळी पऱ्हाटी बसून जाते, त्याच्यापेक्षा मोकळं करा." भाव काय दिला ते सांगायची लाज वाटते. झाडं गेली, बुडखे राहिले. मग ट्रॅक्टरवाला म्हणतो, वखराला अडते, रोटाव्हेटरचं पातं मोडते. शेवटी मी जेसीबी बोलावला. तासाला बाराशे. पाच कडुनिंबाचे बुडखे निघाले तेव्हा साडेतीन तास झाले होते. मोहाच्या बुडाला हात घातला, पण ते काही हलेना. एका बाजूची मुळं तुटली, अर्धवट वर आलं. खिशातले पैसे संपले म्हणून म्हटलं, राहू दे बाप्पा, पुढच्या वर्षी पाहू.

पुढचं वर्ष म्हणजे 2023. 22 जुलै आपल्या तालुक्यातला कोणी विसरणार नाही. रात्रभर पाऊस. आनंदनगरमध्ये माणसं पुरात अडकली, वायुसेनेचे हेलिकॉप्टर मागवायची पाळी आली. टीव्हीवर तेवढंच दिसलं. वावरात काय झालं ते टीव्हीवर दिसत नाही.

पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी वावरात गेलो. माझा नाल्याकडचा धुरा नव्हता. म्हणजे फुटला होता असं नाही, जागेवर नव्हताच. जिथं जिथं जेसीबीनं बुडखा काढून खड्डा बुजवला होता तिथून पाणी शिरलं. पाच जागी पाच खांडं पडली. मग खांडाला खांड मिळालं. पेरलेली पऱ्हाटी मातीसकट गेली, खाली पिवळा मुरूम उघडा. आणि मधोमध मोहाचं ते अर्धवट उपटलेलं बुड, त्याच्या दोन्ही बाजूला मिळून दहा-बारा फूट धुरा जसाच्या तसा उभा. नाल्यातून वाहून आलेली काटेरी झुडपं, प्लास्टिक, कोणाच्या तरी ठिबकच्या नळ्या, सगळं त्याला अडकलेलं.

शेजारी माझ्या मोठ्या भावाचं वावर. धुरा एकच, नाला एकच, पाणीही तेच. त्यांनी झाडं तोडली होती पण बुडखे ठेवले होते, आळसानं म्हणा की काटकसरीनं. त्यांचा धुरा दोन जागी चिरला, पण उभा राहिला. मी त्यांना विचारलं, "दादा, तुम्ही काहून नाही काढले?" ते म्हणाले, "पैसे कोणापाशी होते?"

पंचनामा झाला, खरडलेल्या जमिनीत माझं नाव आलं. मदतीच्या पैशातून धुरा पुन्हा बांधला. माती मात्र कोणत्याच खात्यात जमा होत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडं एक समज पक्का झाला आहे की झाड तुटलं म्हणजे मेलं आणि बुडखा म्हणजे त्याचं मढं. मढं घरात ठेवत नाहीत, तसा बुडखाही ठेवायचा नाही. ही समजच चुकीची आहे. झाडाचं वरचं खोड जातं, पण जमिनीखालचा पसारा जिवंत असतो. वीस-तीस वर्षांच्या कडुनिंबाची मुळं चारी बाजूंनी फांद्यांच्याही पलीकडं गेलेली असतात. त्यात साठवलेलं अन्न असतं. त्याच जोरावर पहिल्या पावसात फुटवे येतात. नवीन रोपाला जी मुळं तयार करायला दहा वर्षं लागतील ती या बुडाला आयती आहेत. तुम्ही ते उपटता म्हणजे खिशातून पैसे देऊन दहा वर्षं फेकता.

गंमत पाहा. सागाची लागवड कशी होते? वनखात्याच्या रोपवाटिकेत वर्षभराचं रोप उपटतात, वरचा शेंडा कापून टाकतात, बाजूची मुळं छाटतात आणि अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब मुळी ठेवतात. तिला म्हणतात जडी. पावसाळा लागला की सबलीनं भोक पाडायचं अन् ती जडी ठोकायची. तिला ना पान असतं ना फांदी. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सागाची किती तरी लागवड अशीच उभी झाली. जडी म्हणजे काय हो? लहानसा बुडखाच. एका हातानं बुडखा विकत घेऊन लावतो आणि दुसऱ्या हातानं शंभर पट मोठा बुडखा जेसीबीनं काढतो. याला शहाणपण म्हणावं की काय म्हणावं?

राज्यात 2016 ला 2 कोटी झाडं लावायची मोहीम झाली, 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी, 2019 ला 33 कोटी. फोटो सगळ्यांनी काढले, मीही काढला. त्यातली किती जगली याच्यावर मी बोलत नाही, तुमच्या गावातल्या गायरानात जाऊन तुम्हीच मोजा. मला एवढंच म्हणायचं आहे की एवढ्या मोहिमांत "जुना बुडखा राखा" हे कोणी एकदाही सांगितलेलं मला ऐकू आलं नाही. रोपाला खड्डा लागतो, खत लागतं, काट्याचं कुंपण लागतं, उन्हाळ्यात पाणी लागतं. बुडख्याला काहीच लागत नाही. ढोरानं फुटवा खाल्ला तरी तो पुन्हा फुटतो. पण ज्यात खर्च नाही, त्याची योजना कशी निघणार?

ही काही माझी अक्कल नाही. आफ्रिकेत नायजर नावाचा देश आहे, सहारा वाळवंटाच्या कडेला. पाऊस आपल्याहून कितीतरी कमी, पीक बाजरी अन् ज्वारी. तिथं टोनी रिनाउडो नावाचा ऑस्ट्रेलियाचा माणूस झाडं लावायच्या कामाला गेला होता. काही वर्षं रोपं लावली, बहुतेक मेली. 1983 ची गोष्ट सांगतात. रोपं भरलेली गाडी घेऊन जात होता, रेतीत चाक रुतू नये म्हणून हवा कमी करायला उतरला. बाजूला एक खुरटं झुडूप दिसलं. जवळ जाऊन पानं पाहिली तर ते झुडूप नव्हतं, तोडलेल्या झाडाच्या बुडखाचे फुटवे होते. अशी लाखो बुडं त्या वावरांत होती. शेतकरी दरवर्षी पेरणीआधी ती छाटून जाळत होते. त्यानं रोपवाटिकेचा नाद कमी केला आणि शेतकऱ्यांना सांगितलं, दोन-चार चांगले फुटवे ठेवा, बाकीचे कापा. पुढच्या वीस वर्षांत त्या देशात अंदाजे 50 लाख हेक्टरवर झाडं परत उभी झाली. 2018 ला त्याला राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. रोप न लावता! आपल्या धुऱ्यांवर तीच बुडं आहेत आणि आपण तासाला बाराशे देऊन ती काढतो आहोत.

आता कृषीवाले साहेब लोक म्हणतील, धुऱ्यावरच्या झाडानं पिकाचं नुकसान होतं. होतं. मी नाही म्हणत नाही. माझ्या पऱ्हाटीच्या चार ओळी खरंच खुरट्या राहत होत्या. पण बुडखा ठेवणं म्हणजे झाड मोकाट वाढू देणं नव्हे. बुडाला पहिल्या पावसात पंधरा-वीस फुटवे येतात. दिवाळीनंतर त्यातले सरळ, जोमदार, बुडाला घट्ट चिकटलेले दोन-तीन ठेवायचे. बाकीचे धारदार विळ्यानं खालून काढायचे. पुढच्या वर्षी एक ठेवायचा. खालच्या अर्ध्या उंचीपर्यंत फांद्या छाटत राहायच्या. खरिपाच्या तोंडावर वरचा घेर कमी करायचा, पाला वावरात टाकायचा. सावली तुमच्या हातात राहते. झाडच नको आणि फक्त धुरा धरून ठेवायचा असेल तर दरवर्षी फुटवे गुडघ्याएवढे ठेवून छाटा. तूर-पऱ्हाटीला त्याचा काही त्रास नाही, आणि पाटीभर हिरवा पाला फुकट.

गिरिपुष्पाचं तर सगळ्यांना माहीत आहे. धुऱ्यावर लावायचं, वर्षातून दोन-तीनदा बुडापासून कापायचं, पाला जमिनीत. ते बुडखा ठेवूनच होतं ना? गिरिपुष्पाला जो न्याय, तो कडुनिंबाला का नाही?

सगळी झाडं सारखी फुटत नाहीत, हेही सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कोणी मलाच बोल लावेल. कडुनिंब, साग, मोह, चिंच, पळस, सुबाभूळ, निलगिरी ही चांगली फुटतात. पळस तर मुळापासूनही फुटतो. आपल्या गावठी बाभळीचं बुड फारसं फुटत नाही, त्यात म्हातारी बाभूळ असेल तर आशा सोडा. पण तिचं बुड जमिनीत राहिलं तरी धुरा धरतंच. कलमी आंब्याचं किंवा संत्र्याचं झाड कलमाच्या खाली तोडलं तर फुटवा खालच्या खुंटाचा येतो. संत्र्याच्या बुडाला जंबेरीचे काटेरी फुटवे आले की लोक खूश होतात, बाग परत आली म्हणून. ती बाग नाही, ती जंबेरी.

आणि तोडायचंच असेल तर नीट तोडा. जमिनीपासून वीतभराच्या आत, तिरपा काप, धारदार कुऱ्हाड नाहीतर करवत. साल फाटली, बुड उभं चिरलं की त्यात पाणी साचतं, कूज लागते आणि फुटवे कमजोर येतात. ठेकेदाराचा माणूस मशीन लावून कमरेएवढं उंच तोडून जातो, कारण त्याला वाकायचं नसतं. मग वरून फुटलेले फुटवे वाऱ्यानं फाटतात आणि आपण म्हणतो बुडखा कामाचा नाही.

कायद्याचंही एक वाक्य. झाडं तोडण्यावर महाराष्ट्रात 1964 चा नियमन कायदा आहे. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन अशी झाडं स्वतःच्या वावरातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वनखात्यात बुडखाला थुट म्हणतात, आणि कुठं किती झाडं तुटली ते थुटं मोजून कळतं. म्हणून कोणी तुमच्याकडं येऊन "झाडही नेतो आणि बुडखाही फुकट काढून देतो" म्हणाला, तर हा माणूस एवढा उदार कसा झाला याचा थोडा विचार करा.

आता घराच्या आवाराची गोष्ट. तिथं माझं म्हणणं थोडं वेगळं आहे.

माझा पुतण्या पुण्याला कंपनीत आहे. महागावातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात कडुनिंब होता. भिंतीला तडा गेला म्हणून तो तोडला. बुडखा राहिला, अगदी पायरीसमोर. पुतण्यानं मोबाईलवर मला एक यंत्र दाखवलं. मोठं दातेरी चाक, त्याला कठीण धातूचे दात. ते फिरत फिरत बुडखावर डावीकडून उजवीकडं जातं आणि लाकडाचा भुसा करतं. स्टंप ग्राइंडर म्हणतात. परदेशात घरोघरी बाग असते, तिथं हे काम करणारी धंदेवाईक माणसं आहेत, फोन केला की येतात. पुतण्या म्हणे, "काका, आपणही असं बोलावू."

यंत्र वाईट नाही. अंगणात जेसीबी घालण्यापेक्षा शंभर पट बरं. खड्डा पडत नाही, भिंत हलत नाही. पण त्याच्याबद्दल जे सांगत नाहीत ते मी सांगतो. ते यंत्र साधारण वीतभर ते फूटभर खोल जातं. बाजूची मुळं जिथल्या तिथं राहतात. म्हणजे तुम्हाला वाटतं झाड समूळ गेलं, तसं नसतं. पळस असेल तर बाजूनं पुन्हा फुटेल. दुसरं म्हणजे तो भुसा. लोक तोच भुसा खड्ड्यात भरतात, वर माती टाकतात आणि लगेच मोगरा नाहीतर जास्वंद लावतात. महिन्यात झाड पिवळं. मग म्हणतात जागेला बाधा आहे! बाधा-बिधा काही नाही. चांगल्या शेणखतात कर्ब आणि नत्राचं प्रमाण 20-25 ला 1 असतं, लाकडाच्या भुशात ते 300-400 ला 1 पर्यंत जातं. तो कुजवणारे जिवाणू आजूबाजूच्या मातीतला नत्र ओढून घेतात, रोपाला मिळत नाही. भुसा उकरून बाहेर काढा, झाडांच्या आळ्यात वरून आच्छादन म्हणून पसरा, तिथं तो सोनं आहे. खड्ड्यात माती अन् शेणखत भरा.

हे यंत्र आमच्या भागात मिळालं नाही. मग आम्ही काय केलं? पुन्हा तोच शहाणपणा. जेसीबीवाला म्हणाला दहा मिनिटांचं काम आहे. काम दहा मिनिटांचंच झालं, पण बुडखासोबत नळाची पाइपलाइन वर आली, पायरीचे दोन दगड हलले, आणि खड्डा एवढा की त्यात बंडी बसेल. खड्डा बुजवला, पावसाळ्यात माती बसली, पुन्हा बुजवला. दोन वर्षं अंगण खाली जात होतं. वहिनी अजून टोमणा मारतात, "तुमच्या भावजींनी अंगणात विहीर खोदली होती."

ज्याला अंगणातला बुडखा काढायचाच आहे त्यानं घाई करू नये. दोन रस्ते आहेत, आणि झाड तोडायच्या आधीच कोणता ते ठरवावं लागतं. अख्खा बुडखा काढायचा असेल तर झाड जमिनीलगत तोडू नका. चार फूट खोड उभं ठेवा. आजूबाजूला गोल चर खोदा, रात्रभर पाणी सोडून माती भिजू द्या, दुसऱ्या दिवशी बाजूची मुळं एकेक करून कुऱ्हाडीनं तोडा. मग त्या चार फूट खोडाला दोर नाहीतर चेन कप्पी लावून ओढा. खोडच तुमची पहार होते. जमिनीलगत कापलं की धरायला काही उरत नाही आणि मग जेसीबी लागतो. आमच्या बाबांनी दोन गडी आणि एक बैलजोडी लावून असे बुडखे काढलेले मी पाहिले आहेत. त्या गड्यांची मजुरी म्हणजे ते लाकूड. पावसाळाभर चूल चालायची त्याच्यावर.

दुसरा रस्ता जागेवर कुजवायचा. त्यासाठी उलट, जितकं खाली कापता येईल तितकं कापा. वरून गिरमिटानं भोकं पाडा, जितकी जास्त तितकं बरं. त्यात शेणकाला, थोडा गूळ, मूठभर युरिया. वर ओली माती आणि पाला. फुटवा दिसला की लगेच खुडा, एकही मोठा होऊ देऊ नका. बुडखाचं साठवलेलं अन्न संपलं की तो मरतो, मग कुजतो. कडुनिंबाला तीन-चार पावसाळे लागतात, सागाचं किंवा बाभळीचं काळीज त्याहून जास्त. तोपर्यंत त्याच्यावर कुंडी ठेवा, नाहीतर बसायला वापरा. आमच्या गावात पारावर एक चिंचेचा बुडखा आहे, अर्ध्या गावाचे वाद त्याच्यावर बसून मिटले. भिंतीपासून हातभर अंतरात असेल तर मात्र कुजवायच्या भानगडीत पडू नका. उधई आधी बुडखात येते, मग दाराच्या चौकटीत.

मीठ, डिझेल, ॲसिड हे प्रकार कोणी सांगितले तर कानावर हात ठेवा. मिठानं बुडखा मरेल, पण त्या जागी पुढं तुळसही येणार नाही. डिझेल ओतून जाळायची तर आमच्याकडं पद्धतच पडली आहे. वरची आग विझते, मुळातली विझत नाही. ती आतल्या आत चार-चार दिवस धुमसत जाते. एकदा आमच्या शेजारच्या शिवारात असा जाळलेला बुडखा तिसऱ्या दिवशी दहा फुटांवर निघाला, कडब्याच्या गंजीखाली. गंजी गेली, बैल थोडक्यात वाचले. जिथं बुडखा जळतो तिथली माती विटेसारखी लाल होते, पुढची काही वर्षं तिथं पीक धड येत नाही, पाहा नीट.

वावरातही काही बुडखे काढलेच पाहिजेत. विहिरीच्या कठड्याला लागून असलेला काढा, मुळं बांधकाम फोडतात. वावराच्या मधोमध, वखराच्या तासात येणारा काढा. वेड्या बाभळीचा तर नक्की काढा, आणि तो काढताना जमिनीखाली फूटभर जाऊन कापा, कारण वरून कापलं की ती दुप्पट जोरानं येते. बागेत झाड रोगानं मेलं असेल आणि बुडाशी छत्रीसारखी कडक, तपकिरी, वरून चकचकीत बुरशी दिसली तर तो बुडखा मुळांसकट काढून बाहेर नेऊन जाळा. ती गॅनोडर्मा बुरशी, मुळाला मूळ लागून शेजारच्या झाडात जाते. इथं साहेब लोकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, मी त्यांच्या बाजूनं.

पण धुऱ्यावरचा, नाल्याकाठचा, गायरानाच्या कडेचा निरोगी बुडखा काढायला एकही कारण नाही. "दिसायला चांगलं दिसते" हे कारण नाही. वावर काय लग्नाचा मांडव आहे?

राहिला प्रश्न मातीचा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जेसीबीनं बुडखा काढला की खालची चुनखडीची पांढरी माती वर येते, वरची काळी खाली जाते. ती जागा तुम्हाला पुढं पाच वर्षं पिकात वेगळी दिसेल. उलट बुडखा जागेवर कुजला तर मुळं जिथं जिथं होती तिथं पोकळ नळ्या राहतात. पावसाचं पाणी त्यातून खोल उतरतं. ज्या चिकण मातीत वरून पाणी मुरत नाही, तिथं ही निसर्गाची पाइपलाइन आहे. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर हे स्वतः शेतकरी, कितीतरी वर्षांपासून सांगत आहेत की पिकांचे बुडखे अन् मुळं जमिनीत जागेवरच कुजू द्या, नांगरू नका. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातात तेच केलं, सगुणा पद्धत म्हणून. ते पिकाच्या मुळांबद्दल बोलतात. मग झाडाच्या मुळानं काय पाप केलं?

नांदेड-यवतमाळ रस्ता चौपदरी झाला तेव्हा कडेची जुनी झाडं गेली, बुडखेही गेले. रस्त्याखाली बुडखा ठेवता येत नाही, ठीक आहे. तिथं डांबर आलं. आपल्या धुऱ्यावर काय येणार आहे?

मला माहीत आहे, काही जण म्हणतील की यांचा धुरा फुटला म्हणून हे आता शहाणपण सांगतात. बरोबर आहे. फुटायच्या आधी मला कोणी सांगितलं असतं तर मीही ऐकलं नसतं. जेसीबी आला की पोरं जमतात, माणसाला वाटतं काहीतरी मोठं काम चाललं आहे. फुटवे निवडताना कोणी पाहायला येत नाही. एकट्यानं खाली वाकून विळा चालवावा लागतो, आणि दोन वर्षं काहीच झालं नाही असं दिसतं.

मोहाचं ते अर्धवट उपटलेलं बुड मी 2023 च्या पुरानंतर माती लावून सरळ केलं. तुटलेल्या मुळांच्या बाजूनं काही आलं नाही, दुसऱ्या बाजूनं सतरा फुटवे आले. त्यातले दोन ठेवले. आता ते माझ्या दुप्पट उंच आहेत, मनगटाहून जाड. नवीन बांधलेल्या धुऱ्यावर त्याच सुमारास मी कडुनिंबाची वीस रोपं लावली होती. आठ जगली, त्यातलं सगळ्यात मोठं छातीएवढं आहे.

ज्यांचा जेसीबी परवा चालू होता त्यांच्याकडं काल संध्याकाळी जाऊन आलो. चार कडुनिंब आणि चिंच तर गेली. पळसाचे दोन नाल्याच्या वळणावर होते, ते अजून जागेवर आहेत, मशीनवाला उद्या येतो म्हणून गेला होता. मी त्यांना माझ्या वावरात घेऊन गेलो, मोहाचं बुड आणि त्याच्या बाजूचा दहा-बारा फूट जुना धुरा दाखवला. त्यांनी हातानं माती चाचपून पाहिली. म्हणाले, "घरी इचारतो दादा." सकाळी फोन आला, मशीनवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं आहे. पळस कसा छाटायचा ते दाखवायला परवा जातो. विळ्याला आजच धार लावून ठेवली आहे.